अजिंक्यपद दोन गुणांनी ठरलं, तरी रविवारची शर्यत इतकी निरस का?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

फॉर्म्युला वनचा २०२५ चा मोसम संपला. नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपन ४२१, पियास्त्री ४१०. शेवटच्या रविवारी अबुधाबीला तिघांचाही हिशेब शिल्लक होता. गुणतक्ता पाहिला तर तक्रारीला जागाच नाही. पण एकेक शर्यत आठवून बघा. एप्रिलमधली जपानची सुझुका घ्या. पहिले सहा जण ज्या क्रमाने उभे होते त्याच क्रमाने ५३ फेऱ्यांनंतर आले: व्हर्स्टॅपन, नॉरिस, पियास्त्री, लेक्लेर्क, रसेल, अँटोनेली. पहिल्या दहांत बदल झाला तो एवढाच की हॅमिल्टन हाजारच्या पुढे गेला. आणि पहिल्या तीन गाड्या शेवटी जेमतेम दोन सेकंदांच्या अंतरात होत्या! म्हणजे मागच्या गाडीत वेग होता, चालक जगातले सर्वोत्तम, आणि तरीही ३०० किलोमीटरमध्ये एकालाही पुढच्यावर हल्ला करता आला नाही.

२०२४ च्या मोनॅकोत तर पहिले दहाच्या दहा जण सुरुवातीच्या क्रमानेच संपले. पहिल्याच फेरीत अपघात होऊन लाल झेंडा लागला, त्या थांब्यात सगळ्यांनी टायर बदलून घेतले, आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या टायर बदलायच्या जागी) जायचं कारणच उरलं नाही.

इथे रत्नागिरीत आम्ही काही जण एकत्र बसून बघतो. नवीन मुलं येतात, चौथ्या-पाचव्या फेरीनंतर मोबाइल काढतात. त्यांना दोष देता येत नाही. मला या धाग्यात "पूर्वीचं छान होतं" असली हळहळ नको आहे. नेमकं कुठे अडतं आणि नियमांत काय बदललं तर सुटेल, हे ज्यांना यांत्रिकी कळते त्यांनी लिहावं.

माझं मत आधीच मांडतो. दोष एका संघाच्या वर्चस्वाचा नाही. शनिवारी गाड्या वेगाच्या क्रमाने लावल्या जातात आणि रविवारी तो क्रम मोडायला भौतिकशास्त्रच परवानगी देत नाही, हा खरा दोष आहे.

हर्णैचाखलाशी (दापोली)

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. अडतं ते डर्टी एअरमुळे, पुढच्या गाडीने बिघडवलेल्या हवेमुळे. ती म्हणजे काय ते इथल्या लोकांना चटकन पटावं म्हणून सांगतो. पुढच्या ट्रॉलरच्या पंख्याने घुसळलेल्या, फेसाळ पाण्यात आपली होडी घातली की आपला पंखा नुसता फिरतो, पाणी धरत नाही आणि सुकाणूही हलकं पडतं. इंजिन तेच, डिझेल तेवढंच, फक्त पाणी बिघडलेलं. फॉर्म्युला वनच्या गाडीचे पंख आणि तळ यांना स्वच्छ, सरळ येणारी हवा लागते. पुढची गाडी त्या हवेतली ऊर्जा खाऊन मागे भोवरे सोडते.

आता आकडे. २०२२ चे नियम आणताना फॉर्म्युला वनने जे सांगितलं होतं ते असं: जुनी गाडी पुढच्या गाडीच्या २० मीटर मागे असली तर ३५ टक्के डाउनफोर्स (गाडीला जमिनीवर दाबणारा हवेचा जोर) जायचा, १० मीटरवर ४६ टक्के. नव्या नियमांत तेच नुकसान ४ आणि १८ टक्क्यांवर यायचं होतं. त्यासाठी तळाखाली बोगदे दिले, हवा बाजूला फेकण्याऐवजी वर उचलून मागच्या गाडीच्या डोक्यावरून जाईल अशी रचना केली, चाकं १३ वरून १८ इंचांची केली, पुढच्या चाकांवर पट्ट्या बसवल्या. २०२२ मध्ये फरक दिसलाही.

मग बिघडलं कुठे? संघांचं काम स्वतःची गाडी वेगवान करणं, मागच्याची सोय बघणं नव्हे. पुढच्या चाकाची घुसळलेली हवा बाहेर ढकलली की स्वतःच्या तळाला स्वच्छ हवा मिळते. म्हणून पुढच्या पंखाच्या टोकाकडच्या फटी, ब्रेक डक्टवरचे (ब्रेक थंड करणाऱ्या हवेच्या वाटेवरचे) पंख, तळाच्या कडा, जिथे मोकळीक सापडली तिथून सगळ्यांनी हवा परत बाहेर फेकायला सुरुवात केली. ती बाहेर फेकलेली हवा मागे जाऊन परत आत येते आणि मागच्याच्या पुढच्या पंखावर आदळते. दरवर्षी थोडं थोडं करत २०२५ पर्यंत बराचसा फायदा पुसला गेला. नियम चार वर्षं गोठलेले असले की हे होणारच.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

खलाशीभाऊ, सुरेख. एक विचारतो. टीव्हीवर अंतर सेकंदात दाखवतात, तुम्ही मीटरमध्ये सांगितलंत. ताळमेळ कसा घालायचा?

हर्णैचाखलाशी (दापोली)

सोपं आहे. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा, तेवढे मीटर एका सेकंदात जातात. हेअरपिनवर गाडी ७२ च्या वेगाने असली तर एक सेकंद म्हणजे बरोबर २० मीटर. २५० च्या वळणावर एक सेकंद म्हणजे ६९ मीटर. म्हणजे एकाच "एक सेकंद" अंतरात मंद वळणावर गाडी अगदी मागे चिकटलेली असते आणि वेगवान वळणावर चांगलीच लांब. पण त्रास जास्त होतो वेगवान वळणावर, कारण तिथे पकड जवळजवळ सगळी पंखांतून आणि तळातून येते. मंद वळणावर टायरची स्वतःची पकड भागवून नेते. म्हणून ज्या ट्रॅकवर लांब सरळ रस्त्याआधी वेगवान वळण आहे तिथे ओव्हरटेक मेलेलं असतं. मागचा चालक त्या वळणातच अर्धा सेकंद गमावून बसतो आणि मग सरळ रस्ता कितीही लांब असला तरी उपयोग नाही.

कुडाळटायर (कुडाळ)

टायरांचा अजून कोणी काय बोलूक नाय, म्हणान लिवतंय.

डाउनफोर्स कमी झाला की गाडी घसरते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण घसरते. घसरलेला रबर तापतो. टायरचं तापमान दोन ठिकाणी वेगळं असतं, एक वरच्या थराचं आणि दुसरं आतल्या सांगाड्याचं. आतलं हळू चढतं, हळू उतरतं. वरचं एका वळणात उडी मारतं. पिरेलीचा टायर वरच्या थरात ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रबर मऊ पडून पकड सोडतो, पकड सुटली की अजून घसरतो, अजून तापतो. हे दुष्टचक्र सुरू झालं की दोन-तीन फेऱ्यांत संपतं. मग चालक काय करतो? दोन-अडीच सेकंद मागे सरकतो, स्वच्छ हवेत टायर थंड करतो आणि पुन्हा एकदा जवळ जाऊन बघतो. पडद्यावर अंतर ०.९, १.१, १.८, २.३, २.४, १.६, १.० असं वर-खाली होताना दिसलं तर हेच चाललेलं असतं. त्याने धीर सोडलेला नसतो.

सुझुकाबद्दल सांगायचं तर तिथे यंदा पहिल्या भागाचं डांबर नवीन घातलं होतं. गुळगुळीत डांबरावर रबर कमी खरवडला जातो. त्यात पिरेलीने सगळ्यात कडक तीन प्रकार, सी१, सी२, सी३, नेले होते. झीज जवळपास झालीच नाही, सगळ्यांचा एकच थांबा. ज्या शर्यतीत टायर झिजत नाही तिथे ताज्या आणि जुन्या टायरच्या वेगात फरक पडत नाही, आणि फरक नाही तर ओव्हरटेक कशाच्या जोरावर करणार?

म्हणून "टायर टिकाऊ करा म्हणजे चालक जोरात पळतील" ही मागणी मला अर्धवट वाटते. झिजणारा पण उष्णतेने न कोसळणारा टायर पाहिजे. झीज म्हणजे रबर कमी होत जाणं, ती हळूहळू होते आणि तिच्याभोवती डावपेच आखता येतात. उष्णतेने पकड जाणं म्हणजे शिक्षा, आणि ती नेमकी मागून हल्ला करणाऱ्यालाच होते. पुढचा स्वच्छ हवेत आरामात.

देवगडजुनाप्रेक्षक (देवगड)

चर्चा चांगली चालली आहे, पण इतिहास विसरू नका. १९८८ मध्ये मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, एकटी मोंझा फेरारीच्या बर्गरला मिळाली. १९९२ मध्ये मॅन्सेलचं अजिंक्यपद ऑगस्टमध्ये हंगेरीतच ठरलं. २००२ मध्ये शूमाकरने १७ पैकी ११ व्या शर्यतीत, जुलैत, फ्रान्समध्ये विषय संपवला. २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्या व्हर्स्टॅपनने. वर्चस्व हे या खेळाच्या रचनेतच आहे, कारण गाडी संघ स्वतः बनवतो.

तरीही पूर्वी उत्कंठा टिकायची, आणि तिचं मोठं कारण गाड्या बंद पडायच्या. १९९६ च्या मोनॅकोत शेवटचा झेंडा फक्त तीन गाड्यांनी घेतला आणि चौदाव्या क्रमांकावरून निघालेला पानिस जिंकला. आता इंजिनांच्या संख्येवर मर्यादा आहे, २०२५ मध्ये चालकाला मोसमभर चार. म्हणून प्रत्येक भाग काही हजार किलोमीटर टिकेल असाच घडवला जातो. बंद पडणं हा दोष होता, तो गेला हे अभियांत्रिकीचं यश आहे. पण अनिश्चिततेचा एक झरा आटला आणि त्याच्या जागी दुसरा आणला नाही, हे मान्य करायला हवं.

आणि १९७१ ची मोंझा लक्षात ठेवा. गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला, पहिले पाच जण ०.६१ सेकंदात. त्या ट्रॅकवर तेव्हा शिकेन (वेग कमी करायला घातलेली नागमोडी वळणं) नव्हते, वळणं मोजकी, आणि पंखांवरचं अवलंबित्व नगण्य. मागच्या गाडीला पुढच्याच्या हवेचा तोटा नव्हता, उलट सरळ रस्त्यावर ओढ मिळत होती. धोका प्रचंड होता, ती परत आणा असं कोणीच म्हणणार नाही. पण पंख कमी म्हणजे झुंज जास्त, हे सूत्र त्या दिवसाइतकं स्वच्छ पुन्हा दिसलेलं नाही.

अलिबागदोनचाकी (अलिबाग)

चारचाकीवाल्यांनी मोटोजीपीकडेही, म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतींकडेही बघावं, रोग तोच आहे. २०२४ मध्ये २० पैकी १९ शर्यती डुकाटीने जिंकल्या, ऑस्टिनला एकदा व्हिन्यालेसची अप्रिलिया मध्ये आली. यंदा मार्क मार्केझने मोतेगीलाच, पाच शर्यती शिल्लक असताना, अजिंक्यपद घेतलं.

दहा वर्षांपूर्वी मोटारसायकलीत ओव्हरटेक सहज व्हायचं. मग पंख आले, मग वळणातून बाहेर पडताना मागचा भाग खाली बसवणारं उपकरण आलं. त्यामुळे ब्रेक उशिरा मारता येतो, बाहेर पडताना पुढचं चाक उचललं जात नाही, सगळे सारख्याच ताकदीने निघतात. चुकीला वावच राहत नाही.

सर्वांत मोठी अडचण पुढच्या टायरची. मिशेलिनच्या पुढच्या टायरचा किमान दाब १.८० बार आहे (पूर्वी १.८८ होता) आणि शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत तो त्याच्या वर असावा लागतो, नाहीतर १६ सेकंदांचा दंड. आता संघाची कोंडी बघा. स्वार एकटा पुढे पळाला तर वाऱ्याने टायर थंड राहतो आणि दाब कमी पडतो. कोणाच्या मागे अडकला तर पुढच्या इंजिनाची आणि टायरची गरम हवा अंगावर येते, दाब २ बारच्या वर चढतो, टायर फुगून जमिनीला लागणारा भाग कमी होतो आणि ब्रेक मारताना पुढचं चाक लॉक व्हायला लागतं. शनिवारी दाब ठरवताना रविवारी आपण पुढे असू की मागे, हा अंदाज बांधावा लागतो. यंदा कतारमध्ये व्हिन्यालेस दुसरा आला आणि नेमक्या याच नियमाने चौदावा झाला.

२०२७ पासून इंजिन १००० ऐवजी ८५० सीसी, उंची बदलणारी उपकरणं पूर्ण बंद, पंख लहान, टायर पिरेलीचे. माझ्या मते उपकरणं बंद करणं हा त्यातला सगळ्यात मोलाचा निर्णय. इंजिन लहान केल्याने ब्रेकिंगचं अंतर फार बदलेल असं वाटत नाही.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

मग डीआरएसचं काय? २०११ मध्ये आलं, ओव्हरटेकचे आकडे तर वाढले.

गुहागरीगणित (गुहागर)

आकडे वाढले, झुंज वाढली नाही. डीआरएस म्हणजे एक सेकंदाच्या आत असलेल्या मागच्या गाडीने मागच्या पंखाची पट्टी उघडायची, जास्तीत जास्त ८५ मिलिमीटर. हवेचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो. पट्टा लांब असला की मागचा सरळ रस्त्यातच निघून जातो, पुढच्याला बचाव करायची संधीच नाही. पट्टा आखूड असला की काहीच होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाड्यांची माळ. समजा पाच गाड्या एकेका सेकंदाच्या आत आहेत. पहिली सोडून चौघांकडे डीआरएस आहे. मग तिसऱ्याने दुसऱ्यावर हल्ला करायचा कसा? दोघांचेही पंख उघडेच. २०२३ च्या सिंगापूरला साइन्झने मुद्दाम नॉरिसला एका सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे नॉरिसला डीआरएस मिळून तो मागच्या मर्सिडीजपासून वाचेल आणि आपोआप साइन्झही वाचेल. त्याच्या बुद्धीला मनापासून दाद, पण ज्या साधनाने ओव्हरटेक व्हावं त्यानेच ते थांबवलं गेलं.

सक्तीच्या थांब्यांचीही तीच गत. यंदा मोनॅकोत किमान तीन संच टायर वापरायची सक्ती केली. परिणाम? रेसिंग बुल्सने लॉसनला हळू चालवून हाजारसाठी मोकळी जागा तयार केली, विल्यम्सने दोन्ही गाड्यांनी आळीपाळीने तेच केलं. मागे अडकलेल्या रसेलने शेवटी मुद्दाम शिकेन कापून पुढे जाणं पसंत केलं आणि दंड भोगला. पहिले चार मात्र सुरुवातीच्याच क्रमाने. ट्रॅक ३.३३७ किलोमीटर, गाडी दोन मीटर रुंद आणि साडेपाच मीटरच्या आसपास लांब. तिथे गाडी लहान केल्याशिवाय कुठलाही नियम कामाचा नाही.

आता ज्यांना शर्यत वाचायची आहे त्यांच्यासाठी थोडं गणित, कारण पडद्यावर काहीच घडत नसताना पिटच्या भिंतीवर, जिथे संघाचे डावपेच ठरवणारे बसतात तिथे, बरंच चाललेलं असतं. पाच गोष्टी लिहून ठेवायच्या: पिटमध्ये जाऊन यायला जाणारा वेळ (बहुतेक ट्रॅकवर २० ते २५ सेकंद), प्रत्येकाचा टायरप्रकार, टायर किती फेऱ्यांचा आहे, पुढच्याशी अंतर, आणि मागे २० ते २५ सेकंदांवर कोण आहे. शेवटची गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत आणि सगळ्यात महत्त्वाची तीच. पुढच्या दोघांचं अंतर १.८ सेकंद असेल आणि मागच्याला पिटमधून बाहेर पडताना मोकळा रस्ता मिळत असेल, तर नवीन टायरवरच्या पहिल्या फेरीत दीड ते दोन सेकंद मिळू शकतात, म्हणजे अंडरकट (आधी थांबून नव्या टायरच्या जोरावर पुढच्याला मागे टाकणं) शक्य आहे. मोकळ्या रस्त्याऐवजी तिथे एखादी हळू गाडी असेल तर तोच डाव आत्मघात ठरतो. कडक टायर थंडीत गरम व्हायला वेळ घेतो, तेव्हा उलट जो बाहेर राहिला त्याचा फायदा होतो.

झीज ओळखायची युक्ती अशी. सुरुवातीला टाकीत १०० किलोच्या आसपास इंधन असतं, फेरीला दोन किलोच्या जरा आत जळतं. एक किलो हलकं झालं की फेरी ढोबळमानाने ०.०३ सेकंदाने कमी होते. म्हणजे टायर अजिबात झिजला नाही तर प्रत्येक फेरी आपोआप ०.०५ ते ०.०६ सेकंदाने वेगवान व्हायला हवी. वेळ स्थिर दिसली तर टायर तेवढाच झिजतो आहे. वेळ वाढायला लागली की दोन-तीन फेऱ्यांत पिट.

वाशिष्ठी (चिपळूण)

गणितदादा, ही युक्ती धाग्याच्या वर लावून ठेवण्यासारखी आहे.

आता २०२६ बद्दल, कारण खरा प्रश्न तिथे आहे. डीआरएस जातं. पुढचा आणि मागचा असे दोन्ही पंख सगळ्यांना, सगळ्या ठरलेल्या सरळ रस्त्यांवर, अंतराची अट न घालता उघडता येतील. गाडीची किमान वजनमर्यादा ८०० वरून ७६८ किलो, रुंदी २ मीटरवरून १.९, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३६०० वरून ३४०० मिलिमीटर. टायर पुढे २५ आणि मागे ३० मिलिमीटरने अरुंद. तळाखालचे मोठे बोगदे जाऊन तळ बराच सपाट होतो. पुढच्या चाकांमागे हवा आत वळवणाऱ्या पट्ट्या येतात, म्हणजे खलाशीदादांनी सांगितलेली बाहेर फेकाफेक अडवायचा प्रयत्न आहे. एफआयएने (नियम करणाऱ्या संस्थेने) सुरुवातीला जाहीर केलेलं उद्दिष्ट डाउनफोर्स ३० टक्के आणि हवेचा अडथळा ५५ टक्के कमी करण्याचं होतं.

इंजिनाकडे मात्र काळजीने बघा. विजेची मोटर १२० किलोवॉटवरून ३५० वर जाते, पेट्रोल इंजिन सुमारे ४०० वर येतं. बॅटरीचा वापरता येणारा साठा ४ मेगाज्यूल. ४००० भागिले ३५० म्हणजे साडेअकरा सेकंदांत रिकामी! ब्रेकिंगमधून आणि इतर मार्गांनी फेरीत ८.५ मेगाज्यूलपर्यंत भरता येते, म्हणजे पूर्ण ताकदीची वीज फेरीत जास्तीत जास्त २४ सेकंद. बाकी वेळ वाचवायची. मोंझासारख्या ट्रॅकवर चालक सरळ रस्त्याच्या शेवटी पाय काढून वीज साठवतील, ही भीती खरी आहे.

ओव्हरटेकसाठी नियम असा आखला आहे: पुढच्या गाडीची वीज २९० च्या वेगापासून कमी होत जाते, एका सेकंदाच्या आत असलेल्या मागच्याला ३३७ पर्यंत पूर्ण ३५० किलोवॉट आणि वर अर्धा मेगाज्यूल. अर्धा मेगाज्यूल म्हणजे दीड सेकंदापेक्षाही कमी. पण ती वीज कुठे खर्च करायची हे चालक ठरवतो आणि पुढचाही आपली वीज राखून बचाव करू शकतो. डीआरएसमध्ये पुढच्याच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून मला हे तत्त्वतः जास्त न्याय्य वाटतं.

देवगडजुनाप्रेक्षक (देवगड)

ताई, नवे नियम आले की एकच संघ पळून जातो, हेही लिहा. २००९ मध्ये ब्रॉन, २०१४ पासून मर्सिडीजची सलग आठ संघविजेतेपदं.

वाशिष्ठी (चिपळूण)

हो, ती शक्यता मोठी आहे काका. पण २०१४ ला नसलेल्या दोन गोष्टी आता आहेत. खर्चाची मर्यादा २०२१ पासून आहे. आणि विंड टनेलचा (गाडीवर वारा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्याचा) वेळ उलट्या क्रमाने मिळतो: पहिल्या संघाला ठरलेल्या मापाच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५, असं करत दहाव्याला ११५. ३० जूनला क्रम बघून हिशेब पुन्हा लागतो. म्हणजे जो पळेल त्याला पकडायला पूर्वीसारखी सहा-सात वर्षं लागू नयेत. २०२४ ला सात वेगवेगळ्या चालकांनी किमान दोन-दोन शर्यती जिंकल्या, त्यात या नियमांचा वाटा आहे असं मी मानते. पण इंजिनातला फरक विंड टनेलने भरत नाही, तिथे तुमची शंका रास्त.

वेंगुर्लाखाडी (वेंगुर्ले)

विषय थोडा बाजूचा, पण एकत्र बसून बघणाऱ्यांना कामाचा. युरोपातल्या शर्यती बहुतेक आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, आणि जून ते ऑगस्ट म्हणजे इथे वाऱ्या-पावसात वीज जाण्याचा काळ. ४३ इंची टीव्ही ८० वॉट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, एक पंखा ७०. एकूण १७०. दीडशे अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास, जुनी होत जाणं आणि इन्व्हर्टरची गळती धरून ६० टक्के हिशेबात घ्या. सहा तास आरामात. शर्यत दोन तासांची, लाल झेंडे धरून कमाल तीन.

खाऱ्या हवेमुळे बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि ऐन वेळी इन्व्हर्टर पडतो. मेअखेर इन्व्हर्टर बंद करून तारा सोडवा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा (झाकणं घट्ट लावलेली असू द्या, आत सोडा जाता कामा नये), कोरडं करा, तारा घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच. वीज कडकडत असेल तेव्हा टीव्ही आणि राउटरचे प्लग काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, ती अ‍ॅडॉप्टरमधून येते. मोबाइल डेटावर विसंबू नका, वीज जास्त वेळ गेली की गावातल्या टॉवरची बॅटरीही संपते.

आणि लाइव्ह टायमिंग वापरत असाल तर ते चित्राच्या अर्धा-पाऊण मिनिट पुढे असतं. एकाने मोबाइलवर बघून "गेला, गेला!" म्हटलं की बाकीच्यांची मजा गेली. टायमिंगवाल्याने गप्प बसावं किंवा ते तेवढं मागे लावून घ्यावं.

कुडाळटायर (कुडाळ)

पुढच्या वर्षी माद्रिद १३ सप्टेंबरला आसा आणि गणपती १४ ला. त्या संध्याकाळी माटवी बांधूची, मखर करूचा आणि चाकरमानी स्टेशनावरून आणूचे. ती शर्यत कोकणात रात्री उशिराच बघतली लोकां, तेव्हा निकाल ह्या धाग्यार कोणी टाकू नये ही विनंती.

मिऱ्याबंदरभाऊ, नवीन मुलांना खरंच गोडी लावायची असेल तर घाट चढून कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर कार्ट चालवायला न्या. कार्टला पंख नाहीत, सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. पुढच्याच्या मागे एक हात अंतरावरून वळण घेता येतं आणि फायदाच होतो. दोन फेऱ्यांत कळतं की वळणाच्या आत उशिरा शिरून बाहेर लवकर गॅस दिला तर पुढच्याला गाठता येतं. हे अंगाने कळलेला मुलगा टीव्हीवरही तेच शोधायला लागतो.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

कार्टिंगची सूचना घेतली. पावसाळ्याआधी आंबा घाटाने जाऊन येऊ.

मग २०२६ चं मोजमाप कसं करायचं? पहिल्याच शर्यतीवरून निष्कर्ष काढायचा नाही हे कळतं, पण नेमकं काय टिपायचं?

गुहागरीगणित (गुहागर)

पहिली शर्यत मेलबर्न, ८ मार्च, आपल्याकडे सकाळी साडेनऊ. ५.२७८ किलोमीटर, ५८ फेऱ्या. ओव्हरटेकची संख्या मोजूच नका, पहिल्या शर्यतीत गाड्या बंद पडून आणि वीज संपून ती उगाच फुगेल. कुठल्याही एका जोडीवर नजर ठेवा, ज्यात मागची गाडी एका सेकंदाच्या आत आली आहे. ती तिथे सलग किती फेऱ्या टिकते ते लिहा. मागच्या वर्षीसारखी तीन फेऱ्यांत अडीच सेकंद मागे पडली तर टायर आणि हवा दोन्ही जैसे थे. सात-आठ फेऱ्या टिकली तर नियमांनी काम केलं, मग ओव्हरटेक झालं नाही तरी. दुसरं, नववं-दहावं वळण. तिथे वेग खूप असतो. त्याच्या आधी आणि नंतर अंतर किती, हा फरक प्रत्येक फेरीला टिपा. तिसरं, पुढे गेलेली गाडी पुढच्याच सरळ रस्त्यावर परत मागे पडते का. पडत असेल तर ओव्हरटेक विजेच्या साठ्याने झालं, वेगाने नाही. तो स्तंभ वेगळा ठेवा.

हर्णैचाखलाशी (दापोली)

त्यात चौथा स्तंभ घाला: मागच्या गाडीचा टायर पुढच्यापेक्षा किती फेऱ्या नवा आहे. तो नसला तर पहिल्या स्तंभाचा अर्थच लागणार नाही. मी तक्ता करून इथे चिकटवतो, जो जी जोडी बघणार असेल त्याने आधी सांगा म्हणजे दोघे एकीवरच बसायला नकोत.

अलिबागदोनचाकी (अलिबाग)

मी पाचव्या-सहाव्या क्रमांकाची जोडी घेतो. पुढच्या दोघांकडे कॅमेरा असतोच, मधल्यांची वेळ टायमिंगवरूनच उतरवावी लागेल.